नावांची वही कोणाच्या हाती?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाणे शब्द ऐकण्याची सवय या शहराला लागली. त्या परंपरेत बोलायला उभे राहणारे बहुधा पंडित असतात. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत अर्धे राहिले आणि पुढचे मंडई विद्यापीठात झाले. त्या विद्यापीठाला पदवीदान समारंभ नाही, पण परीक्षा मात्र रोज असते. तेव्हा कामगार चळवळीतला एक कार्यकर्ता कचेरीतल्या संगणकांच्या नावा-पत्त्यांवर व्याख्यान द्यायला का उभा राहिला, असे आपल्याला वाटले तर त्यात नवल नाही. त्याचे कारण आधी सांगतो. विषय मागाहून आपोआप येईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडईपासून चार पावलांवर मालवाहतुकीची एक कचेरी होती. नाव सांगत नाही. गोष्ट नावाची नाही, रीतीची आहे. त्या कचेरीत कंत्राटावर लागलेली एक मुलगी संगणकावर पावत्या चढवण्याचे काम करीत असे. किती पावत्या चढल्या यावर तिचे काम मोजले जाई. एका महिन्यात तिच्या पगारातून रक्कम कापली गेली आणि वर मेमो मिळाला : "कामात हयगय. दुपारच्या वेळी काम बंद ठेवते." मुलगी रडत आमच्याकडे आली. तिचे म्हणणे एवढेच, की दुपारी हिशेबाचा कार्यक्रम उघडतच नाही. पडद्यावर 'सापडत नाही' अशी पाटी येते. अर्ध्या तासाने आपोआप उघडतो.

आम्ही साहेबांना भेटलो. साहेब सज्जन होते. त्यांनी आम्हांला तिच्या टेबलापाशी नेले, तिच्याच संगणकावर वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडून दाखवले आणि म्हणाले, "हे पाहा, नेटवर्क उत्तम चालू आहे. शेजारच्या सात टेबलांवरही काम चालू आहे. मग हिच्याच संगणकाला दुपारी झोप कशी येते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारखान्यात यंत्राचा पट्टा तुटला तर तो डोळ्यांना दिसतो. कामगाराचा दोष की यंत्राचा, हे आम्ही पाहून सांगू शकतो. येथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. त्या दिवशी आम्ही हात हलवीत परत आलो, आणि ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही त्या गोष्टीत आपल्या माणसाचा बचाव करता येत नाही, हे मनाला लागले. म्हणून शिकायला बसलो. आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकाचे काम करतो. तो आमचा गुरू झाला. त्याच्याकडून आणि पुस्तकांतून जे पदरात पडले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आता मूळ गोष्ट. संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत. त्याला नाव हवे. म्हणून नाव सांगितले की आकडा सांगणारी एक वही मध्ये असावी लागते. त्या वहीच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात आणि वही सांभाळणाऱ्या यंत्राला डीएनएस सर्व्हर.

मंडईत रोज हेच चालते. नवा हमाल डोक्यावर पाटी घेऊन दारात येतो. त्याला अमक्या भाऊंचा गाळा हवा असतो. गाळ्याचा क्रमांक त्याला ठाऊक नसतो. दारापाशी बसलेला जुना माणूस सांगतो, "आत जा, डावीकडची रांग, अमुक क्रमांक." भाऊंनी उद्या गाळा बदलला तरी त्यांचे नाव बदलत नाही, दारातल्या माणसाने नवा क्रमांक ध्यानात ठेवला की झाले. कधी याच्या उलटही होते. ही मंडईची इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला द्यावा असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. इमारत जागची हलली नाही, नाव बदलले. नाव आणि ठिकाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची सांगड कोणीतरी लिहून ठेवावी लागते, एवढे ध्यानात आले की या शास्त्राचा अर्धा भाग कळला.

ही वही प्रथम खरोखरच एक वही होती. अमेरिकेतल्या आद्य संगणक-जाळ्यात सगळ्या यंत्रांची नावे आणि आकडे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर या बाईंच्या देखरेखीखाली ती यादी लिहिली जाई, आणि जो तो तिची नक्कल आपल्या यंत्रावर उतरवून घेई. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. ती वाढली तशी एका कचेरीला यादी पेलेना. आणि नक्कल जुनी झाली की पत्ता चुके. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने नवी योजना मांडली. तिचे मर्म असे की एकच मोठी वही नको. ज्याचे नाव त्याने आपली वही सांभाळावी, आणि वरच्याने फक्त 'खालची वही कोणाकडे आहे' एवढेच सांगावे. आम्हांला ही योजना वाचून ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा यांची आठवण झाली. गावच्या माणसाचे घर जिल्ह्याच्या साहेबाला ठाऊक नसते, पण तालुका कोणता हे तो सांगतो. तालुका गाव सांगतो. गाव घर दाखवते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर नावाच्या शेवटी येणारे 'डॉट इन' हे भारताचे आडनाव १९८९ साली नोंदले गेले, आणि आरंभीची अनेक वर्षे त्याची वही मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत सांभाळली गेली. २००५ पासून ते काम निक्सी या संस्थेकडे आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झाले. त्यामुळे संकेतस्थळाचे सबंध नाव मराठीत लिहिता येते. यंत्राच्या पोटात त्याचे रोमन अक्षरांत रूपांतर होते खरे, पण लिहिणाऱ्याला त्याचा त्रास नाही.

आता एक प्रश्न कसा प्रवास करतो ते पाहू. आपण संकेतस्थळाचे नाव टंकित केले. आपला संगणक प्रथम आपल्या आठवणीत पाहतो. तेथे नसेल तर त्याला नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर जगाच्या मूळ वहीवाल्याला विचारतो. अशा मूळ वहीवाल्यांची तेरा नावे आहेत, बारा संस्था ती चालवतात, आणि त्यांची यंत्रे जगभर शेकडो ठिकाणी, मुंबईतही, बसवलेली आहेत. मूळ वहीवाला म्हणतो, "मला हे नाव ठाऊक नाही, पण डॉट इनची वही अमक्याकडे आहे." डॉट इनवाला म्हणतो, "त्या संस्थेची वही अमक्याकडे आहे." शेवटचा माणूस आकडा सांगतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. मिळालेले उत्तर सर्व्हर काही काळ स्मरणात ठेवतो, म्हणजे पुढच्याला पुन्हा हेलपाटा नको. किती काळ ठेवायचे ती मुदत उत्तराबरोबरच लिहून आलेली असते. मुदत संपेपर्यंत जुनेच उत्तर मिळत राहते. म्हणून कोणी आपले संकेतस्थळ नव्या जागी हलवले की कोणाला नवे दिसते, कोणाला जुनेच दिसते, आणि दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात. शहाणा माणूस जागा हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी ती मुदत कमी करून ठेवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्यावरच सगळा निकाल लागणार आहे. सर्व्हरकडून दोन प्रकारचा नकार येतो. एक, मुळीच उत्तर न येणे. दुसरा, "असे नाव अस्तित्वातच नाही" असे स्पष्ट उत्तर येणे. पहिल्या प्रकारात संगणक थांबतो, पुन्हा विचारतो, किंवा दुसऱ्याला विचारतो. दुसऱ्या प्रकारात त्याचे समाधान होते. तो आणखी कोणाला विचारीत नाही. उलट 'असे नाव नाही' हेही तो काही काळ लक्षात ठेवतो.

आता कचेरीत शिरू. कचेरीच्या आतल्या यंत्रांना जे आकडे दिलेले असतात ते बहुधा खासगी असतात. १९९६ साली ठरलेल्या नियमाने आकड्यांचे काही गट घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. १० पासून सुरू होणारा एक, १७२.१६ ते १७२.३१ असा दुसरा आणि १९२.१६८ पासून सुरू होणारा तिसरा. हे आकडे वाड्यातल्या खोल्यांच्या क्रमांकांसारखे आहेत. 'तिसरी खोली' पुण्यातल्या प्रत्येक वाड्यात असते. टपालवाल्याला त्याचा उपयोग नाही. साहजिकच आतल्या यंत्रांची नावे, म्हणजे 'हिशेब', 'पगार', 'छपाई' वगैरे, बाहेरच्या जगाच्या वहीत नसतात आणि असूही नयेत. त्यांची वही कचेरीतच ठेवावी लागते. त्यासाठी आतला डीएनएस सर्व्हर.

परंतु आतल्या माणसाला बाहेरची नावेही लागतात; बँक, सरकारी खाती, वर्तमानपत्रे. मग योग्य रीत अशी. कचेरीतल्या प्रत्येक संगणकाने फक्त आतल्या सर्व्हरलाच विचारावे. आतल्या सर्व्हरने आपल्या घरच्या नावांची उत्तरे स्वतः द्यावीत आणि बाकीचे प्रश्न, एक तर मूळ वहीवाल्यापासून सुरुवात करून स्वतः सोडवावेत, नाही तर बाहेरच्या एका ठरलेल्या सर्व्हरकडे पुढे धाडावेत. अशा बाहेरच्या सर्व्हरला फॉरवर्डर म्हणतात. तात्पर्य, बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा तो आतल्या सर्व्हरच्या खात्यात. टेबलावरच्या संगणकाच्या खात्यात नव्हे. ही एवढीशी ओळ आहे, पण अनेक कचेऱ्यांतली दुखणी या एका ओळीच्या चुकीतून निघतात.

चूक कशी होते ते आमच्या त्या मुलीच्या संगणकावर पाहा. संगणकाच्या खात्यात डीएनएस सर्व्हरसाठी दोन रकाने असतात : पहिला आणि दुसरा. तो संगणक मध्यंतरी दुरुस्तीला गेला होता. परत आल्यावर कंत्राटदाराच्या माणसाने हातानेच खाते भरले. पहिल्या रकान्यात आतला सर्व्हर लिहिला, आणि "इंटरनेट कधी बंद पडू नये" या सद्भावनेने दुसऱ्या रकान्यात बाहेरचा एक सार्वजनिक सर्व्हर लिहिला. बाकीच्या सात संगणकांना मात्र खाते आपोआप मिळत असे आणि त्यात फक्त आतला सर्व्हर होता.

आता दुपारी काय होई? नावांची वही ज्या यंत्रावर होती ते यंत्र जुने, आणि दुपारी दोन ते तीन त्याच यंत्रावर कागदपत्रांच्या नकला काढण्याचे जड काम लावलेले. त्या तासात ते प्रश्नांना वेळेवर उत्तर देईना. सात संगणक विचारत, थांबत, पुन्हा विचारत आणि चार-सहा क्षणांनी त्यांना उत्तर मिळे. लोकांना एवढेच वाटे की आज काम जरा सुस्त आहे. आठवा संगणक मात्र क्षणभर थांबून दुसऱ्या रकान्यातल्या परक्याला विचारी, "'हिशेब' कोठे आहे?" परक्याला या कचेरीतली 'हिशेब' नावाची खोली काय ठाऊक? तो प्रामाणिकपणे सांगे, "असे नाव नाही." संगणकाने ते खरे मानले, लक्षात ठेवले, आणि पुढे काही वेळ त्या परक्यालाच विचारीत राहिला. दुसरा रकाना हा पहिल्याचा बदली कामगार असतो. बदली कामगाराला तेच काम येत असले पाहिजे. जो ते काम जाणतच नाही त्याला बदलीवर लावले, की पाळी बिघडायचीच.

आणि साहेबांचा पुरावा? वर्तमानपत्र उघडत होते, कारण बाहेरच्याला बाहेरची नावे उत्तम ठाऊक होती. ज्या गोष्टीने ते मुलीला दोषी ठरवीत होते, तीच गोष्ट तिच्या निर्दोषपणाची साक्ष होती. बाहेरचे उघडते आणि घरचे उघडत नाही, याचा अर्थच असा की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात आहे.

आमच्या गुरूने एक साधी परीक्षा शिकवली : यंत्राला एकदा नावाने हाक मारा, एकदा आकड्याने. आकड्याने ओ देते आणि नावाने देत नाही, तर तार, भिंतीतला खटका, यंत्र सगळे ठीक. बिघाड वहीत आहे. आम्ही पुन्हा साहेबांची भेट मागितली आणि वेळ मुद्दाम दुपारी अडीचची घेतली. 'हिशेब'ला नावाने हाक मारली. उत्तर आले, असे नाव नाही. आकड्याने मारली, लगेच ओ आली. मग दुसऱ्या रकान्यातला आकडा पुसला, लक्षात राहिलेली जुनी उत्तरे धुऊन काढली आणि पुन्हा नावाने हाक मारली. चार क्षण गेले आणि हिशेब उघडला. साहेब काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी चहा मागवला. सज्जन होते असे आम्ही आधीच म्हटले आहे.

पगाराची रक्कम पुढच्या महिन्यात परत मिळाली आणि मेमो मागे घेतला गेला. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे नोकराला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून दंड करता येत नसे. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु संधी मिळून उपयोग काय, म्हणणे काय मांडायचे तेच ठाऊक नसेल तर? कायदा तोंड उघडायला परवानगी देतो. शब्द आपले आपणच मिळवावे लागतात.

हे एक दुखणे झाले. दुसरीही आहेत, ती थोडक्यात सांगतो. पुष्कळ संस्था आपल्या संकेतस्थळाचे जे बाहेरचे नाव तेच कचेरीच्या आतल्या वहीलाही देतात. मग आतला सर्व्हर त्या नावाच्या बाबतीत स्वतःला मालक समजतो. तो बाहेर विचारायलाच जात नाही. संकेतस्थळाचा बाहेरचा आकडा त्याच्या वहीत लिहिलेला नसेल तर सगळ्या जगाला संस्थेचे संकेतस्थळ दिसते आणि संस्थेच्या नोकरांना तेवढे दिसत नाही. उपाय दोन : एक तर तो आकडा आतल्या वहीतही लिहावा आणि बदलला की आठवणीने बदलावा, किंवा आतल्या वहीला मूळ नावाचे एखादे पोटनाव द्यावे. दुसरी रीत बरी.

कित्येकांनी आतल्या वहीसाठी मनाने आडनावे काढली. डॉट कॉर्प, डॉट होम अशी. उद्या तेच आडनाव जगाच्या वहीत कोणाला विकले गेले तर घरचा प्रश्न परक्याच्या दारी जाईल, अशी भीती निर्माण झाली, आणि नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१८ साली ही आडनावे कोणालाही देण्याचे थांबवले. २०२४ च्या जुलैत तिने 'डॉट इंटर्नल' हे आडनाव केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले. ज्यांना स्वतःचे नोंदलेले नाव वापरायचे नाही त्यांनी ते वापरावे.

आतला सर्व्हर एकच असणे हेही दुखणेच. तो बसला की सगळी कचेरी बसते. म्हणून दोन असावेत, पण दोन्ही आतलेच आणि दोघांपाशी एकच वही. तसेच आतल्या सर्व्हरने आतल्यांनाच उत्तरे द्यावीत. तो साऱ्या जगाला उत्तरे देऊ लागला की खोट्या नावाने प्रश्न पाठवून त्याच्याकरवी भलत्याच्याच दारावर उत्तरांचा ढीग ओतणारे लोक आहेत. आपल्या घराचा धोंडा दुसऱ्याच्या डोक्यात जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

हे कचेरीपुरते झाले. पण मोठमोठ्यांचीही वही हरवते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका हुकमाने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. केंद्रांशी बोलता येईना म्हणून त्यांच्या नावांच्या सर्व्हरांनी आपला रस्ताच जगापुढून काढून घेतला. आतली हत्यारेही त्याच नावांवर अवलंबून होती. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांचेच हात बांधले गेले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात दोन स्वयंचलित कारकुनांची गाठ पडली. एकाने जुनी यादी नव्यावर लिहिली, दुसऱ्याने ती जुनी म्हणून पुसली. एका महत्त्वाच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला आणि जगभरच्या असंख्य सेवा अडल्या. यंत्रे जागेवर शाबूत होती. फक्त ती कोठे आहेत हे कोणी सांगेना.

आणि वहीच चोराच्या हातात गेली तर? २०११ च्या नोव्हेंबरात एक टोळी पकडली गेली. तिने जगभरच्या सुमारे चाळीस लाख संगणकांच्या खात्यांतला डीएनएस सर्व्हरचा आकडा गुपचूप बदलून तेथे स्वतःचा लिहिला होता. माणसे खरे नाव टंकित करीत आणि टोळीला हव्या त्या दारात जाऊन पोचत. टोळी पकडल्यावरही तिचे सर्व्हर एकदम बंद करता येईनात, कारण लाखो लोकांचे इंटरनेटच बंद पडले असते. न्यायालयाच्या हुकमाने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. येथे पुण्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तेथे नावांच्या वहीचा संबंध नव्हता. पण बँकेच्या खऱ्या यंत्राला न विचारता मध्येच एक तोतया यंत्र 'पैसे द्या' असे उत्तर देत होते. धडा तोच आहे : उत्तर काय आले यापेक्षा ते कोणी दिले, हे आधी पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरोखर उभे राहिलो तिच्याकडे येतो. ही वही कोणाच्या हाती आहे? तुमच्या पतपेढीत, शाळेत, गृहसंस्थेत, दवाखान्यात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "तो एक मुलगा येतो, त्याला ठाऊक." संस्थेचे नाव त्या मुलाच्या किंवा कंत्राटदाराच्या खासगी खात्यावर नोंदलेले असते, त्याची वार्षिक फी त्याच्याच ध्यानात असते. तो गाव सोडून गेला, भांडला, किंवा नुसता विसरला, की वर्षानुवर्षे कमावलेले नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. आम्ही एका संस्थेचे असे झालेले पाहिले आहे. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला ठरावीक पगार नसतो, रजा नसते, आणि मध्यरात्री फोन येतो. ज्याच्या हाती सगळ्या घराची किल्ली, त्यालाच आपण दारात उभे ठेवतो. मंडईच्या हमालाची गोष्ट वेगळी नव्हती. शहराचे अन्न त्याच्या पाठीवरून येत होते आणि त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. ते नाव वहीत चढावे म्हणून बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा कोठे राज्यातल्या पाठीवर ओझे वाहणाऱ्याला नोंदणीचा हक्क मिळाला.

आणखी एक बाजू आहे. वहीवाल्याला नुसती उत्तरे ठाऊक असतात असे नाही. कोणी काय विचारले तेही त्याला ठाऊक असते. कोणता नोकर कोणत्या वेळी कोणते संकेतस्थळ शोधत होता, रुग्णालयाचे, नोकरीच्या जाहिरातींचे की युनियनचे, हे सगळे त्या नोंदीत उतरते. नोंदी ठेवूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २०२२ च्या एप्रिलमध्ये संस्थांना नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिलेला आहे, आणि चोर शोधायला त्या लागतात. त्या नोंदींनीच पुढे आमच्या मुलीसारख्या एखादीचे निर्दोषत्वही सिद्ध होईल. पण त्या कोणी पाहायच्या, कशासाठी पाहायच्या, हे कागदावर लिहिलेले असावे आणि नोकरांना सांगितलेले असावे. हजेरीपुस्तक उघड्यावर असते म्हणून त्याचा धाक दोघांनाही असतो.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. पहिले : संस्थेचे नाव संस्थेच्याच खात्यावर नोंदलेले असावे आणि फीची तारीख दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावी. दुसरे : आतली वही दोन यंत्रांवर असावी, आणि टेबलावरच्या एकाही संगणकाच्या रकान्यात परक्याचे नाव नसावे. तिसरे : कोणते नाव कोणत्या आकड्याचे, हे एका साध्या कागदावर लिहून कपाटात ठेवलेले असावे आणि बदल केला की बदलणाऱ्याची सही व तारीख त्यावर पडावी. चौथे : बिघाड झाला तर माणसाला मेमो देण्याआधी यंत्राला नावाने आणि आकड्याने हाक मारून पाहावी. पाचवे : जो ही वही सांभाळतो त्याला नोकर म्हणून पगार, रजा आणि मान मिळावा.

यातले एकही मागणे खर्चिक नाही. चौथ्याला तर चार क्षणही पुरतात. ती मुलगी आज दुसऱ्या कचेरीत कायम नोकर आहे. मागल्या दिवाळीत भेटली तेव्हा सांगत होती, की तिच्याकडे नवीन लागलेल्या मुली कधी 'सापडत नाही' म्हणून घाबऱ्या घाबऱ्या येतात. ती त्यांना प्रथम विचारते, "बाहेरचे उघडते का? मग तुझी चूक नाही. तू कोणाला विचारतेस ते पाहू." आमच्या तीस वर्षांच्या कामात इतके थोडक्यात आम्हांला कधी सांगता आले नाही.